ठाऊक असणे आणि शाबीत होणे

इ. स. १६२२ च्या आरंभी बऱ्हाणपूर मुक्कामी शाहजादा खुस्रो मरण पावला. जहांगीर बादशहाचा हा थोरला मुलगा. बापाविरुद्ध बंड पुकारल्याबद्दल त्याच्या डोळ्यांना शिक्षा झाली होती, आणि पुढे दख्खनच्या मोहिमेवर निघालेल्या धाकट्या भावाच्या, शाहजादा खुर्रमच्या, हवाली होऊन तो कैदी म्हणून तापीकाठच्या या शहरात आला होता. पोटशुळाने त्याचा अंत झाला, अशी वर्दी खुर्रमने दरबारी पाठविली आणि बादशहाने आपल्या आत्मवृत्तात तेवढीच नोंद केली. परंतु त्या काळी हिंदुस्थानात वावरत असलेल्या युरोपीय व्यापाऱ्यांच्या आणि प्रवाशांच्या लिखाणात निराळीच हकिकत येते, ती अशी की खुर्रमच्या इशाऱ्यावरून खुस्रोचा जीव घेण्यात आला. आणि पुढच्या इतिहासकारांनी बहुतांशी हीच हकिकत ग्राह्य धरली आहे. ना फिर्याद झाली, ना पंचनामा, ना कोणाची जबानी घेतली गेली. सहा वर्षांनी खुर्रम शाहजहान होऊन तख्तावर बसला, आणि १६३१ साली त्याची बेगम मुमताज याच शहरी निवर्तली तेव्हापासून बऱ्हाणपूर लोकांच्या स्मरणात राहिले ते तिच्या मृत्यूचे गाव म्हणून. खुस्रोचे काय झाले हे तेव्हाही पुष्कळांना ठाऊक होते. शाबीत मात्र ते आजतागायत झालेले नाही.

या शहराच्या फौजदारी न्यायालयात मी आयुष्याचा कर्ता काळ घालविला, आधी सरकारी वकील म्हणून आणि नंतर आरोपींचे वकीलपत्र घेणारा वकील म्हणून. आणि दोन्ही बाजूंनी उभे राहिल्यावर मनावर जे कायमचे ठसले ते हे की, गुन्ह्याच्या कोणत्याही कहाणीतील खरे नाट्य गुन्हा घडण्याच्या क्षणात नसते, आणि गुन्हेगार कोण हे उमगण्याच्या क्षणातही नसते. जे सर्वांना ठाऊक आहे ते शाबीत करण्यासाठी माणसांना जी वाट तुडवावी लागते, त्या वाटेवर ते नाट्य घडत असते. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे गुन्हेविषयक मालिकांचा जो पूर आला आहे, त्यांतील पुष्कळशा मी व्यवसायबंधूच्या जिज्ञासेने पाहिल्या आहेत, आणि कोणती मालिका मनात घर करते व कोणती दुसऱ्या दिवशी विसरली जाते याचा विचार करता मला तोच एक निकष हाती लागला आहे. जी मालिका ठाऊक असणे आणि शाबीत होणे यांमधल्या अंतरात वस्ती करते, ती टिकते. जी ते अंतर एका उडीत ओलांडते, ती कितीही कौशल्याने रचलेली असली तरी करमणुकीपलीकडे जात नाही. हे माझे मत मी या लेखात काही उदाहरणांनी मांडू इच्छितो.

मराठी वाचकाला गुन्हेकथेची गोडी दूरचित्रवाणीने लावलेली नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजारांवर रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजारची आणि काळ्या पहाडाची पुस्तके ग्रंथालयांतून रांगा लावून नेली जात, आणि त्यांच्या मागून गुरुनाथ नाईक व सुहास शिरवळकर यांनी ती परंपरा पुढच्या पिढीच्या हाती दिली. आमच्या जिल्ह्याला या वाचनवेडाचे अगत्य वाटावे असे आणखी एक कारण आहे. देशातील वर्तमानपत्री कागदाची पहिली गिरणी आमच्या नेपानगरात उभी राहिली, १९५६ साली पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले, आणि पुढे कित्येक वर्षे देशभरच्या चोऱ्यामाऱ्यांच्या, खुनांच्या, खटल्यांच्या बातम्या आमच्या सातपुड्याच्या पायथ्याशी तयार झालेल्या कागदावर छापल्या जात राहिल्या. परंतु त्या रहस्यकथांमध्ये कायदा बहुधा दाराबाहेर उभा असे. नायकाने आपल्या धाडसाने व बुद्धीने गुन्हेगार हुडकून काढला म्हणजे कथा संपे. त्या गुन्हेगाराचे पुढे न्यायालयात काय झाले, हा प्रश्न लेखकालाही पडत नसे आणि वाचकालाही पडत नसे.

पोलिसाच्या आत डोकावण्याचे काम प्रथम मोठ्या ताकदीने केले ते १९८३ सालच्या ‘अर्धसत्य’ चित्रपटाने. श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, गोविंद निहलानींचे दिग्दर्शन आणि ओम पुरींचा फौजदार अनंत वेलणकर, अशी ही निर्मिती. आज आपण ज्यांना दर्जेदार गुन्हेमालिका म्हणतो त्या सर्वांचे मूळ मी तिच्यात पाहतो. वेलणकरला गुन्हेगार ठाऊक आहे, सबंध पोलीसखात्याला ठाऊक आहे, आणि तरीही तो हाती लागत नाही, कारण सत्ता त्याच्या पाठीशी उभी आहे. या कोंडीतून त्या तरुण अधिकाऱ्याच्या मनाची जी मोडतोड होत जाते, तीच तेथे कथा बनते. गुन्हा कोणी केला हे रहस्य मुळीच न ठेवता प्रेक्षकाला अखेरपर्यंत खिळवून ठेवता येते, हा धडा भारतीय पडद्याने येथे गिरविला.

मुंबई दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ ही मराठी मालिका झाली. तिचे दिग्दर्शक बी. पी. सिंग आणि तिच्यातील एक प्रमुख नट शिवाजी साटम या दोघांनी पुढे २१ जानेवारी १९९८ पासून सोनी वाहिनीवर ‘सी. आय. डी.’ सुरू केली, आणि ती अखंड वीस वर्षे चालली. पडद्यावरील एखादे पोलीस पथक घरोघरच्या आबालवृद्धांना आपल्या नातलगांइतके परिचित व्हावे, ही सामान्य कामगिरी नव्हे, आणि प्रयोगशाळेतील शास्त्रीय परीक्षणाला तपासात स्थान असते ही जाणीव खेड्यापाड्यांत पोहोचविण्याचे श्रेयही त्या मालिकेला दिलेच पाहिजे. तथापि तिचा बहुतेक प्रत्येक भाग संशयिताने पोलिसांसमोर दिलेल्या कबुलीने संपतो. आणि १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या पंचविसाव्या कलमाने पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वर्ज्य ठरविली होती, आणि त्या अधिनियमाच्या जागी आलेल्या नव्या साक्ष्य अधिनियमातही तो दंडक कायम आहे. म्हणजे ज्या क्षणी मालिका समाप्त होते, त्या क्षणी वकिलाच्या दृष्टीने खटल्याला प्रारंभही झालेला नसतो. हा दंडक घालण्यामागे मोठा विचार होता: कोठडीच्या भिंतीआड कबुली कशी मिळविली जाते हे कायदा करणाऱ्यांना माहीत होते. ज्या समाजाने कबुलीलाच शेवट मानण्याची सवय करून घेतली, त्या समाजाला कोठडीतील मारहाण हळूहळू न्यायाचाच एक भाग वाटू लागते, आणि म्हणून हा प्रश्न केवळ तांत्रिक चुकीचा राहत नाही.

या सवयीला छेद देणारी मालिका म्हणून मी ‘दिल्ली क्राइम’च्या पहिल्या पर्वाचे नाव घेईन. रिची मेहता यांची ही मालिका २०१९ साली आली आणि पुढच्या वर्षी उत्कृष्ट नाट्यमालिकेचा आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळविणारी ती पहिली भारतीय मालिका ठरली. डिसेंबर २०१२ मधील ज्या अत्याचाराने सारा देश हादरला, तो तिचा विषय. परंतु तो अत्याचार तिने पडद्यावर दाखविलेला नाही, आणि या एका संयमाने तिने आपली योग्यता सिद्ध केली. दाखविले आहे ते काम: अपुरी माणसे, अपुरी साधने, रस्त्यांवरील कॅमेऱ्यांच्या चित्रणातून एका बसचा शोध, एकेका संशयिताच्या मागावर परप्रांती गेलेली पथके, बाहेर संतप्त जमाव, वर राजकारणाचे दडपण, आणि या सर्वांच्या मध्ये शेफाली शहा यांनी उभी केलेली पोलीस उपायुक्त वर्तिका चतुर्वेदी. तिच्या मनातही संताप आहे, परंतु आज हात उचलला तर उद्या खटला पडेल हे तिला कळते, आणि म्हणून ती स्वतःला व आपल्या माणसांना आवरते. सूड घेण्याची शक्ती असताना पुराव्यासाठी थांबणे, याला पडद्यावर शौर्याचे रूप देणे अवघड असते. येथे ते साधले आहे.

आता मी ज्या मालिकेकडे वळतो, ती मराठी आहे आणि तिचा विषय माझ्या व्यवसायात प्रत्येक फौजदारी वकिलाला पाठ असलेल्या एका निकालाशी निगडित आहे. १४ नोव्हेंबर १९७२ ते ४ जानेवारी १९७४ या काळात परभणी जिल्ह्यातील मानवत येथे दहा खून झाले. मृतांपैकी पाच जणी दहा वर्षांच्या आसपासच्या मुली, एक वर्षभराचे तान्हे मूल आणि चार प्रौढ स्त्रिया होत्या. पिंपळाच्या झाडाशी वास असलेल्या मुंजाबाला संतुष्ट केले म्हणजे त्याच्या राखणीतील गुप्तधन हाती येईल, या समजुतीने हे बळी दिले गेले, असे फिर्यादी पक्षाचे म्हणणे होते. स्थानिक पोलिसांना यश येईना तेव्हा मुंबईहून रमाकांत कुलकर्णी हे अधिकारी तपासासाठी गेले. १९६८ साली मुंबईत रामन राघवच्या प्रकरणाचा तपास ज्यांनी केला तेच हे कुलकर्णी. त्यांच्या ‘फूटप्रिंट्स ऑन द सँड्स ऑफ क्राइम’ या आठवणींच्या ग्रंथावरून आशिष बेंडे यांनी दिग्दर्शित केलेली ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रदर्शित झाली. आशुतोष गोवारीकर हे त्यात कुलकर्णी झाले आहेत, आणि मकरंद अनासपुरे, सोनाली कुलकर्णी व सई ताम्हणकर यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत.

या मालिकेचा मोठा गुण तिच्या संथपणात आहे. मुंबईचा एक अधिकारी मराठवाड्यातील एका गावात उतरतो, गावाला त्याच्याविषयी विश्वास नाही आणि त्याला गावाच्या अबोलपणाचा अर्थ लागत नाही. कोण कोणाच्या घरी कोणत्या वेळी जातो, कोणाला कोणाचे भय वाटते, मूल नसल्याच्या दुःखाने होरपळलेली स्त्री कोणाच्या नादी लागू शकते, हे सारे त्याला माणसांच्या बोलण्यातून आणि न बोलण्यातून वेचून काढावे लागते. मकरंद अनासपुरे यांच्यासारख्या विनोदी भूमिकांसाठी ख्यात असलेल्या नटाला गावच्या एका वजनदार, धूर्त गृहस्थाच्या भूमिकेत बसविण्यातही जाण दिसते, कारण ज्याच्याकडे पाहून आपण हसत आलो त्याच्यावर संशय घेणे प्रेक्षकालाही जड जाते, आणि गावाला तसेच जड गेले होते.

पण मानवतच्या प्रकरणाचा कायद्याच्या इतिहासातील ठसा निराळ्या कारणाने उमटला. खटल्यात एकूण अठरा आरोपी होते आणि पुराव्याचा मोठा भाग माफीच्या साक्षीदारांवर अवलंबून होता. जो स्वतः गुन्ह्यात सामील होता आणि माफीच्या आशेने आता इतरांची नावे घेतो आहे, त्याच्या शब्दावर माणसे फासावर द्यावीत काय? १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात या प्रश्नाचा सांगोपांग ऊहापोह केला. निकालपत्र न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांचे. पुरावा अधिनियमाचे १३३ वे कलम तेव्हा म्हणत असे की अशा साक्षीदाराच्या एकट्या साक्षीवरून दिलेली शिक्षा बेकायदा होत नाही, आणि ११४ व्या कलमातील एक दृष्टांत म्हणत असे की महत्त्वाच्या तपशिलांत दुजोरा मिळाल्यावाचून त्याच्यावर विश्वास ठेवू नये. या दोन वचनांचा मेळ घालून न्यायालयाने सांगितले की दुजोरा मागणे हा सावधपणाचा नियम असला तरी त्याचे वजन कायद्यासारखेच झाले आहे. आणि या कसोटीला घासून पाहता, ज्यांच्या सांगण्यावरून हे सारे घडले असे फिर्यादी पक्ष म्हणत होता त्यांच्याविरुद्धचा पुरावा वरच्या न्यायालयांत टिकला नाही. ज्यांनी वार केले त्यांना शिक्षा झाली; ज्यांच्यासाठी केले असे म्हटले गेले ते सुटले.

सामान्य वाचकाला हा शेवट अपुरा वाटेल. मला तो आपल्या न्यायव्यवस्थेतील अत्यंत गंभीर आणि अत्यंत प्रामाणिक क्षणांपैकी एक वाटतो. दहा जीव गेले होते, लोकमत पेटलेले होते, आणि तरीही पुरावा जेथपर्यंत पोहोचत होता तेथेच न्यायालय थांबले. गुन्ह्यावर मालिका लिहिणाऱ्याने या थांबण्याचे मोल जाणले पाहिजे. तपास यशस्वी झाला म्हणून जल्लोष करणे सोपे. तपास करणाऱ्याला मनोमन जे ठाऊक आहे त्यातील काही भाग न्यायाधीशाच्या मेजापर्यंत पोहोचणारच नाही, आणि तो पोहोचू नये यातच सर्व नागरिकांचे रक्षण आहे, हे दाखविणे कठीण. मानवतसारखा विषय मराठीत पुन्हा कोणी हाती घेतला तर त्याने न्यायालयातील या उत्तरार्धालाही तपासाइतकीच जागा द्यावी, अशी माझी मनापासूनची अपेक्षा आहे.

‘पाताल लोक’ (२०२०) या मालिकेने हेच अंतर दुसऱ्या टोकाकडून दाखविले. सुदीप शर्मा तिचे निर्माते-लेखक, आणि तिच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक अविनाश अरुण, म्हणजे ‘किल्ला’ या सुंदर मराठी चित्रपटाचे दिग्दर्शक. दिल्लीतील जमुनापारच्या एका दुर्लक्षित ठाण्यातील हाथीराम चौधरी हा निरीक्षक एका पत्रकाराच्या खुनाच्या कटाचा तपास करतो. तपास त्याच्याकडून काढून घेतला जातो, वरच्या यंत्रणा एक सोयीस्कर कहाणी तयार करतात, आणि निलंबित झालेला हाथीराम मात्र बुंदेलखंडाच्या धुळीत हिंडून खरे काय ते शोधून काढतो. त्याला सत्य सापडते, पण दप्तरात ते शिरत नाही. मानवतमध्ये पुराव्याने आपली मर्यादा ओळखली. येथे सत्तेने पुराव्याला मर्यादा घातली. या दोहोंतील फरक प्रेक्षकाला कळणे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण पहिल्यात न्यायाचा विवेक आहे आणि दुसऱ्यात न्यायाचा पराभव आहे, आणि बाहेरून पाहणाऱ्याला आरोपी सुटलेला एवढेच दोन्हीकडे दिसते.

मोठ्या अधिकाऱ्यांइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, लक्ष मी धाकट्या माणसांकडे देतो. तपासाची इमारत हवालदार, मोहरिर म्हणजे ठाण्याचा लेखनिक, आणि पंच यांच्या खांद्यांवर उभी असते. मुद्देमाल कोणी बांधला, त्यावर लाखेची मोहर कोणी लावली, मालखान्यात तो कोणत्या तारखेला जमा झाला आणि परीक्षणासाठी कोणाच्या हाती गेला, यांतील एक दुवा निखळला तर महिनोन्महिन्यांची मेहनत वाया जाते. ‘सेक्रेड गेम्स’ (२०१८) या मालिकेत कितीतरी भव्य पात्रे आहेत. परंतु मराठी घरांत सर्वांत अधिक हळहळ व्यक्त झाली ती जितेंद्र जोशी यांनी साकारलेल्या काटेकर या हवालदारासाठी. त्याचे तुटपुंजे घर, बायकोशी होणाऱ्या कुरबुरी, साहेबावरची निष्ठा आणि अखेर कर्तव्यावर असताना आलेला मृत्यू, यांतून लेखकांनी हे सांगितले की कायद्याचे ओझे वाहणारा माणूस त्या ओझ्याचे मोल कधी मागत नाही. आमच्याकडे, मध्य प्रदेशात, त्याला आरक्षक म्हणतात. नाव बदलले तरी उन्हात बंदोबस्ताला उभा राहून रात्री रोजनामचा लिहिणारा माणूस तोच.

यानंतर भाषेचा विचार. बऱ्हाणपूर हे पूर्वीपासून अनेक भाषांचे शहर आहे. येथील जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेख आहे, हे पाहुण्यांना आम्ही अभिमानाने दाखवितो. आजही येथील एकाच खटल्यात फिर्यादी निमाडी बोलतो, यंत्रमागावरचा साक्षीदार दख्खनी वळणाची उर्दू बोलतो, रावेरकडून आलेला पंच खानदेशी मराठीत उत्तर देतो, आणि हे सारे कागदावर उतरते ते दप्तरी हिंदीत. माणसाने काय म्हटले आणि नोंदणाऱ्याने काय लिहिले, यांमध्ये पडणाऱ्या फटीत कित्येक उलटतपासण्या जन्म घेतात. पोलिसांनी घेतलेल्या जबानीवर साक्षीदाराची सही घेऊ नये, असे कायद्याने ठरविले आहे तेही याच सावधगिरीपोटी. म्हणून ज्या मालिकेतील माणसे आपापल्या मातीची बोली बोलतात ती मला अधिक विश्वासार्ह वाटते. ‘कोहरा’ या मालिकेने पंजाबी बोलू दिली, ‘मानवत मर्डर्स’ने मराठवाडी बाज राखला. बोली ही तेथे केवळ सजावट राहिली नाही; कोण कोणासमोर किती मोकळेपणाने बोलेल आणि कोणासमोर गप्प राहील, हे तिच्यावरूनच ठरते, आणि तपास म्हणजे अखेर लोकांनी आपल्याशी बोलावे यासाठी केलेली खटपट.

आता सर्वांत नाजूक मुद्दा. एखादा गुन्हा घडला की गावाला सर्वांत आधी जे ठाऊक होते ते बहुधा कोणत्या तरी जमातीचे नाव असते. इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून कित्येक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरविले. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, त्या जमाती विमुक्त झाल्या, परंतु ठाण्यातील जुन्या नोंदी आणि लोकांच्या मनातील संशय एवढ्याने पुसले गेले नाहीत. ‘दिल्ली क्राइम’च्या दुसऱ्या पर्वाने हाच विषय घेतला: श्रीमंत वस्तीत खून होतात, पद्धत ओळखीची दिसते, आणि संशयाचे बोट लगेच विमुक्त जमातीच्या माणसांकडे वळते. त्या पर्वाने हा संशय तपासाची एक चूक म्हणून दाखविला, याचे मला समाधान वाटले. आमच्या जिल्ह्याच्या एका कोपऱ्यातील एका खेड्याचे नाव गावठी पिस्तुलांच्या प्रकरणांमुळे परप्रांतांतील पोलिसांनाही परिचित आहे. त्या गावाचे नाव मी येथे मुद्दाम लिहीत नाही, कारण तेथे शस्त्रे घडविणारे जसे आहेत तशी आपल्या मुलांना शाळेत घालून त्या नावाचा डाग धुऊन काढू पाहणारी शिकलगार कुटुंबेही आहेत, आणि मालिकेच्या एका भागाने त्यांची दहा वर्षांची धडपड मातीत जाऊ शकते.

सरकारी दप्तर आणि लोकांची स्मृती यांत केवढे अंतर पडू शकते याचे उदाहरण निमाडाला शोधावे लागत नाही. ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपूरच्या तुरुंगात ज्याला फाशी दिले गेले तो तंट्या भिल्ल सरकारच्या लेखी दरोडेखोर होता, आणि सावकारांच्या जाचाने पिचलेल्या आदिवासींचा तो ‘मामा’ होता. आज त्याच्या नावे स्मारके उभी आहेत. त्याच्यावर उद्या कोणी मालिका लिहिली तर त्याला देव बनवून किंवा दानव बनवून भागणार नाही. दप्तर काय म्हणते आणि डोंगरवस्ती काय म्हणते, हे दोन्ही समोरासमोर ठेवून निवाडा प्रेक्षकावर सोपविणारा लेखकच त्या विषयाला न्याय देऊ शकेल.

याच्या उलट बाजूचा मोह मराठी दूरचित्रवाणीने २०२०–२१ मध्ये अनुभवला. सातारा जिल्ह्यात वाई परिसरात २०१६ साली उघडकीस आलेल्या एका भीषण प्रकरणाच्या धाग्यावरून झी मराठीवर ‘देवमाणूस’ ही मालिका झाली. गावाने ज्याला देव मानले तोच डॉक्टर माणसे मारतो आहे, ही कल्पना अतिशय प्रभावी, किरण गायकवाड यांचा अभिनय भेदक, आणि गावच्या म्हातारीच्या तोंडची म्हणींची, शिव्यांची भाषा अस्सल. ग्रामीण भागात, जेथे पदवी कोणी तपासत नाही आणि औषध देणाऱ्याच्या हातावर आंधळा विश्वास असतो, तेथील भोळेपणाचे ते दर्शन मोलाचे होते. परंतु रोज चालणाऱ्या मालिकेला रोज नवा पेच लागतो, आणि गुन्हेगार निसटत राहिला म्हणजेच मालिका चालू राहते. अशा रीतीने प्रेक्षकाची उत्कंठा नकळत त्याच्या निसटण्याशी जोडली गेली, आणि मेलेल्या स्त्रियांची दुःखे एकामागून एक मागे पडत गेली. हा दोष त्या कथाकल्पनेत नव्हता, तो त्या साच्यात होता. गुन्हेकथेला आपला शेवट आधीपासून ठाऊक असला पाहिजे; आठ-दहा भागांची मर्यादा पाळणाऱ्या मालिका या बाबतीत उजव्या ठरतात, कारण प्रत्येक प्रसंगाला त्यांना शेवटापुढे जाब द्यावा लागतो.

आणि तरीही, इतक्या मालिका पाहिल्यावर मला वाटते की आपल्या न्यायालयांत रोज जे घडते त्याचा फार थोडा अंश पडद्यावर आला आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या मराठी चित्रपटाने तारखांचे रटाळपण, पंख्याखालची उकडणारी दालने आणि सरकारी वकील बाईंचे घरी जाऊन स्वयंपाकाला लागणे जसे दाखविले, तसे मालिकांनी अजून दाखविलेले नाही. आमच्याकडे येणारे खून बहुधा अतिशय साधे असतात: शेताच्या बांधावरून, केळीच्या बागेला पाणी देण्याच्या पाळीवरून, दारूच्या भरात, घरातल्या जुन्या अपमानातून घडलेले. त्यांत कूट काहीच नसते; सारी गल्ली पाहत असते. आणि न्यायालयात वर्षा-दोन वर्षांनी साक्षीची पाळी येते तेव्हा ती सारी गल्ली गप्प होते. यंत्रमागावर दिवसावर काम करणारा पंच, ज्याचा प्रत्येक तारखेला रोज बुडतो, जो शहरातील शनवारा भागाच्या त्याच गल्लीत आरोपीच्या भावाशेजारी राहतो आणि ज्याच्या मुलीचे लग्न त्याच मोहल्ल्यात ठरायचे आहे, तो पिंजऱ्यात उभा राहून म्हणतो, की मी सही केली खरी, पण कागदावर काय होते ते मला माहीत नाही. कायद्याच्या भाषेत तो फितूर झाला. त्याला फितूर करणाऱ्या शक्ती कोणत्या, त्याच्या घरी आदल्या रात्री कोण येऊन बसले होते, त्याच्या बायकोने त्याला काय सांगितले, यावर एखाद्या लेखकाने दहा भाग लिहिले तर भारतातील गुन्ह्याविषयी आणि न्यायाविषयी शंभर गोळीबारांतून कळणार नाही इतके कळेल.

काळही आता लेखकाला नवी सामग्री देतो आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेने झडती आणि जप्ती यांचे दृक्‌श्राव्य चित्रण करणे आवश्यक केले आहे. आजवर पंचनामा हा केवळ लिहिला जाई. आता तो पाहताही येईल. जे ठाऊक आहे ते शाबीत करण्याची वाट यामुळे सुकर होईल की कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर राहिलेल्या गोष्टींवरून नवे वाद उभे राहतील, हे येत्या काही वर्षांत आमच्यासारख्या जिल्हा ठिकाणच्या न्यायालयांतच ठरणार आहे. मोठ्या शहरांच्या कहाण्या सांगून झाल्या आहेत. आता खंडवा, बऱ्हाणपूर, रावेर, अकोट अशा गावांकडे पाहण्याची वेळ आहे, जेथे साक्षीदार, आरोपी, फौजदार आणि न्यायाधीशाचा शिपाई एकाच बाजारातून भाजी घेतात.

मराठी लेखकांना माझी विनंती अशी की, ज्यांना अशी मालिका लिहावयाची असेल त्यांनी एक महिना तालुक्याच्या न्यायालयात मागच्या बाकावर बसून काढावा, साक्षीदार कोणत्या प्रश्नाला अडखळतो आणि न्यायाधीश कोणत्या क्षणी लेखणी थांबवितो हे पाहावे, मोहरिराशी आणि पट्टेवाल्याशी बोलावे. आमचा हा मुलूख मराठी लेखकाला परका नाही: १९५६ पर्यंत आमच्या तहसिलीची अपिले नागपूरच्या उच्च न्यायालयात जात. प्रांतांच्या सीमा बदलल्या, पण निमाड, खानदेश आणि वऱ्हाड यांच्या माणसांची सुखदुःखे आणि भांडणे आजही एकमेकांत गुंतलेली आहेत, आणि त्यांची कथा मराठीत लिहिण्याचा अधिकार आपल्याला आहे. ज्या समाजाला ठाऊक असणे आणि शाबीत होणे यांतला फरक कळतो, तो समाज निरपराध्याला जमावाच्या हाती जाऊ देत नाही आणि अपराध्याला वशिल्याच्या आडोशाने निसटू देत नाही. गुन्हेमालिकांनी एवढी समज जरी घरोघर पोहोचविली, तरी त्यांचे कार्य न्यायालयाच्या कार्याहून कमी मोलाचे ठरणार नाही.